बाहीखालचं घड्याळ

मित्रांनो, मी एक जुनं मनगटी घड्याळ आहे. घड्याळांच्या शौकिनांसमोर 'जुनं' म्हटलं की लगेच खिशातून भिंग बाहेर येतं. तुम्ही तेवढी तसदी घेऊ नका. वय झालं म्हणून मी किमती झालेलो नाही. स्वस्त म्हणून जन्मलो, स्वस्तच राहिलो, आणि या एका शब्दापायी मला जशी मान खाली घालावी लागली तशी वेळ कुणावर येऊ नये.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. कुणा म्हाताऱ्या कारागिराने दिवसरात्र खपून मला घडवलं वगैरे गोष्ट माझ्यापाशी नाही. माझ्यासारखी हजारो भावंडं पट्ट्यावरून सरकत होती आणि यंत्रच आमचे स्क्रू पिळत होतं. एक मात्र बरं झालं. माझ्या पाठीला त्यांनी काच बसवली. त्या काचेतून माझ्या पोटातलं चक्र इकडून तिकडे धावताना दिसतं. मला बॅटरी लागत नाही. घालणाऱ्याचा हात हलला की आतलं वजन फिरतं, स्प्रिंग भरते आणि मी चालतो. काढून ठेवलं तर दोन दिवसांत थांबतो. म्हणजे कुणाच्या तरी अंगावर असणं हाच माझा जीव.

मी कॅनडातल्या थंडर बे शहरात आलो तो मॉलमधल्या एका दुकानात, पट्टे आणि बॅटऱ्यांच्या शेजारी. तिथे जून महिन्यात आयली नावाची नऊ वर्षांची मुलगी आली. हॉकीच्या मैदानामागे पडलेल्या रिकाम्या बाटल्या वर्षभर गोळा करून, त्या परत देऊन तिने पैसे साठवले होते. फादर्स डे जवळ आला होता. दुकानातल्या बाईंनी तिला आकडेवालं घड्याळ दाखवलं.

"हे घे की बाळा. यात दिवापण लागतो."

"नको," आयली म्हणाली. "माझ्या बाबाला पोटातलं बघायला आवडतं. आमचा टोस्टर त्याने तीनदा उघडलाय."

तिचा बाबा म्हणजे राउनो. सरोवराकाठच्या धान्याच्या कोठारात तो यंत्रं दुरुस्त करायचा. आजोबांच्या वेळी फिनलंडहून आलेलं ते घराणं. त्या रविवारी सकाळी त्याने मला हातात घेतलं आणि पालथं केलं ते पालथंच धरून बसला. ताटातलं धिरडं गार झालं. त्याची बायको मार्लीन शेवटी म्हणाली, "राउनो, पोरीने घड्याळ दिलंय. एकदा सरळ बाजूनेपण बघ."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. ते माझे सुखाचे दिवस. राउनोबरोबर मी कोठारातली धूळ खाल्ली, गोठलेल्या सरोवरावर भोक पाडून मासे धरताना गारठलो, ट्रकच्या दारावर आपटून काचेवर ओरखडे घेतले. शनिवारी मात्र मला वेगळाच मान होता. शनिवार म्हणजे सॉनाचा, वाफेच्या अंघोळीचा दिवस. त्या वाफेत घड्याळ न्यायचं नसतं, म्हणून राउनो मला आयलीकडे सोपवायचा. मनगटावर मी राहायचो नाही, तेव्हा ती मला दंडावर चढवायची आणि दाराबाहेर बाकावर बसायची. मधूनमधून मला कानाला लावून ओरडायची, "बाबा, चालतंय अजून."

आतून उत्तर यायचं, "शाबास."

आता लाजेची गोष्ट सांगतो. राउनोला घड्याळांचा नाद लागला तो माझ्याचमुळे. माझं चक्र बघता बघता त्याला वाटलं, दुसऱ्याचं कसं दिसत असेल? मग दुसरं आलं, तिसरं आलं. सगळी माझ्याच किमतीची, गरीब घरची. मऊ कप्प्यांची एक पेटी आली. मार्लीन म्हणाली, "हात दोन आणि घड्याळं अकरा. गोम आहेस का तू?" राउनो हसला. आम्हीही पेटीत मजेत होतो.

पुढे राउनोची लॉर्नशी ओळख झाली. लॉर्न हा निवृत्त दातांचा डॉक्टर, मनाने उमदा, पण घड्याळाच्या बाबतीत फार मोठ्या पायरीवरचा. महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी पॅनकेकच्या हॉटेलात मागच्या खोलीत त्याची मंडळी जमायची. टेबलावर हिरवं कापड पसरायचं, प्रत्येकाने आपलं घड्याळ त्यावर ठेवायचं, आणि मालकाने मान हलवल्याशिवाय दुसऱ्याने हात लावायचा नाही, अशी त्यांची रीत. पहिल्या दिवशी राउनोने मला ठेवलं. कुणी उचलूनही पाहिलं नाही. राउनोचे कान लाल झाले, ते मी कापडावरून पाहिलं.

लॉर्न त्याला बाहेर सोडताना म्हणाला, "एक सांगू का? दहा स्वस्तातली घेण्यापेक्षा एक चांगलं घे. माणूस मनगटावरून कळतो."

ते वाक्य राउनोच्या मनात घर करून बसलं. त्याने माझी भावंडं एकगठ्ठा विकली आणि त्यांच्या जागी एक बरं घड्याळ आणलं. ते विकून त्याहून चांगलं. असं करत करत वर्षं गेली आणि एक दिवस पेटीत मोठ्या घराण्यातलं एक घड्याळ येऊन बसलं. त्याच्या पाठीवरचा प्लॅस्टिकचा पापुद्रासुद्धा राउनोने काढला नाही. चरा पडेल म्हणून कोठारात ते घालायचं नाही, बर्फ उपसताना नाही, मासे धरताना नाही, एवढंच काय, दुधाचा कॅन उचलतानाही नाही. नाकापेक्षा मोती जड झाला होता.

मला मात्र त्याने विकलं नाही. मला वाटलं, माया आहे. तसं नव्हतं, मित्रांनो. माझ्या काचेवर इतके ओरखडे होते की मला कुणी घेईना, आणि कामाला नेण्यासाठी काहीतरी हवंच होतं. बैठकीच्या शनिवारीही तो घरून मलाच घालून निघायचा, कारण ट्रकवरचा बर्फ खरवडायचा असे. हॉटेलात आला की आधी संडासात जाई, दाराला कडी लावी, मला काढून कोटाच्या खिशात टाकी आणि त्या मोठ्याला मनगटावर चढवी. खिशात जुने रुमाल आणि चघळून कागदात गुंडाळलेलं च्युइंगम. त्यांच्या संगतीत मी थंड होऊन पडायचो आणि बाहेरच्या गप्पा ऐकायचो.

आणि मग तो फेब्रुवारीतला शनिवार आला.

आयली आता मोठी झाली होती. सडबरीला खाणीत नोकरी करत होती आणि चार दिवसांसाठी घरी आली होती. सकाळी ती बापाला म्हणाली, "तुमची बैठक झाली की मी येते. दोघं मिळून पॅनकेक खाऊ." राउनो खूश झाला. पण त्या दिवशी बैठकीचा विषय काय ठरलाय, हे त्याने तिला सांगितलं नाही. विषय होता 'आपलं पहिलं घड्याळ'. प्रत्येकाने ते आणायचं आणि त्याची गोष्ट सांगायची.

पहिलंच घड्याळ दाखवायचं, म्हणून मोठं घरी राहिलं होतं आणि मी मनगटावरच होतो. मनात म्हटलं, आज तरी बाही वर जाईल.

लॉर्नचं पहिलं घड्याळ त्याच्या आजीने दिलेलं, सोन्याचं. दुसऱ्याचं लढाईवरून परत आलेल्या काकाचं. एकेक गोष्ट ऐकून मंडळी माना डोलवत होती. राउनोची पाळी आली. त्याने बाही नीट खाली ओढली, खिशात हात घातला आणि एक पिवळट तबकडीचं जुनं घड्याळ कापडावर ठेवलं. गेल्या उन्हाळ्यात नदीपलीकडे एका अनोळखी म्हातारीच्या घरातलं सामान विकायला काढलं होतं, तिथून त्याने ते उचललं होतं.

"हे माझ्या आजोबांचं," राउनो म्हणाला. "फिनलंडहून बोटीने आले तेव्हा त्यांच्या हातात होतं. जंगलात लाकडं तोडताना कधी काढलं नाही. त्यांच्यापासून मला हा नाद."

लॉर्नने चष्मा काढून डोळे पुसले. "असं काही असलं की पैशाला काय किंमत," तो म्हणाला. मग त्याची नजर राउनोच्या हाताकडे गेली. "आणि बाहीखाली काय दडवलंयस?"

"हे होय? काही नाही. कामावरचं. कशावर तरी फुकट मिळालं होतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, इथेच थांबावं, परत कधी चालू नये. पण थांबताही येईना. राउनो बाही पुन्हा पुन्हा खाली ओढत होता, आणि हात हलला की माझी स्प्रिंग भरते.

तेवढ्यात राउनोने मान वर केली. दारातल्या पायपुसण्यावर ओल्या बुटांनी आयली उभी होती. ती लवकर आली होती, आणि किती वेळ उभी होती ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

लॉर्नने तिला हाक मारली. "ये, ये. तुझ्या पणजोबांचं घड्याळ बघतोय. लहानपणी पाहिलं असशील तू."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. राउनोचा चेहरा पांढरा पडला. एका शब्दात ती त्याला चारचौघांत उघडं पाडू शकली असती. तिने सावकाश हातमोजे काढले.

"हो तर," ती म्हणाली. "दर शनिवारी माझ्याकडेच असायचं. मी दंडावर चढवायचे, कानाला लावायचे आणि बाबाला सांगायचे, चालतंय अजून."

बोलताना ती कापडाकडे बघत नव्हती. तिची नजर राउनोच्या बाहीवर होती.

"नशीबवान आहेस," लॉर्न म्हणाला.

पॅनकेक आले. आयलीने तिचे संपवले. राउनोने त्याच्या ताटात नुसताच काटा फिरवला. तिने वाचवलं होतं आणि तेच त्याला सोसत नव्हतं. तिने ओरडायला हवं होतं, असं त्याला वाटत असणार. मलाही तसंच वाटत होतं.

दोघं ट्रकमध्ये येऊन बसली. राउनोने इंजिन चालू केलं आणि म्हणाला, "आयली, मी आत जे काही..."

"बाबा, किती वाजले?"

समोर ट्रकचं घड्याळ हिरव्या आकड्यांत लखलखत होतं. तरी राउनोने बाही वर केली. माझ्याकडे बघितलं. खूप दिवसांनी बघितलं.

"सव्वाअकरा."

"बरोबर आहे का?"

"थोडं मागे पडतं हल्ली."

"पण चालतंय अजून," ती म्हणाली, आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. तिचा आवाज फाटला होता. "मला फार वाईट वाटलं, बाबा. फुकट मिळालं म्हणालास तू. वर्षभर बाटल्या वेचल्या होत्या मी. हाताला वास यायचा, शाळेत पोरं चिडवायची. तरी मला त्याची लाज वाटली नव्हती."

राउनोने इंजिन बंद केलं. खाली उतरला आणि परत आत गेला. ती मागोमाग आली. मागच्या खोलीत मंडळी अजून कॉफी पीत होती. राउनोने मला मनगटावरून काढलं आणि हिरव्या कापडाच्या मधोमध ठेवलं.

"लॉर्न, ते पिवळं बाजूला घे. ते मी एका घरगुती विक्रीत घेतलंय. माझ्या आजोबांकडे घड्याळ नव्हतंच. लाकूडतोड्यांच्या छावणीत स्वयंपाकी पातेलं बडवायचा, तेव्हा ते उठायचे. माझं पहिलं घड्याळ हे. माझ्या पोरीने दिलंय. मघाशी मी खोटं बोललो, आणि तिच्यासमोर बोललो."

कुणी वर बघेना. राउनोची मान खाली, मंडळींच्याही खाली. लॉर्नने मला उचलायला हात पुढे केला, मग थांबला आणि रीतीप्रमाणे राउनोकडे पाहिलं. राउनोने मान हलवली नाही. त्याने आयलीकडे बोट केलं. तेव्हा लॉर्नने तिच्याकडे पाहिलं, तिने मान हलवली, आणि मग त्याने मला उचललं. पालथं करून तो बराच वेळ काचेतून बघत राहिला.

"छान धावतंय," तो म्हणाला. मग पिवळ्याकडे वळून, "ते पिवळं किती सुंदर वाटत होतं मघाशी. आता बघ, नुसतं पिवळं दिसतंय."

एकजण हसला. राउनोला हसू आलं नाही.

त्या संध्याकाळी सॉना तापला. राउनोने मला आयलीच्या हातात दिलं. देताना त्याने तिच्या डोळ्यांत बघितलं नाही, त्याला ते जमलं नाही. आता मी तिच्या मनगटावर नीट बसतो. ती बाकावर बसली, मला कानाला लावलं आणि दाराकडे तोंड करून म्हणाली, "बाबा, चालतंय अजून."

आतून तापल्या दगडांवर पाणी टाकल्याचा आवाज आला, वाफेचा आला. मग राउनोचा आवाज आला, ओला आणि हळू.

"शाबास."

मित्रांनो, आम्हाला तेल घाला, आमची काच पुसा, असं सगळीच घड्याळं सांगतात. मी एवढंच मागतो. तुम्ही मोठे व्हाल, चांगल्या वस्तू घ्याल, जरूर घ्या, हौसेला मोल नसतं. पण कुणी वास येणाऱ्या हातांनी पैसे जमवून तुम्हाला काही दिलं असेल, तर चारचौघांत ते बाहीखाली झाकू नका. वस्तूला फार काही कळत नसेल. पण देणारं माणूस दारात उभं असतं.