दशमीचं पाणी

"अजून एक, हरिचंद्र! आता तोफेवर बसून," असं म्हणून साहेब तोफेवर टांग टाकून बसले, जत्रेतल्या लाकडी घोड्यावर बसावं तसे.

आमच्या ह्यांनी डोळ्याला कॅमेरा लावला. खट्ट. सव्विसावा गेला.

मी बुरुजाच्या सावलीत भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन बसले होते आणि मोजत होते. रोल छत्तीस फोटोंचा. मी दुसरी पास आहे, पण छत्तिसातले सव्वीस गेले की दहाच उरतात हे कळायला मॅट्रिक लागत नाही. साहेबांना मात्र ते कळत नव्हतं. ते कुठल्यातरी मोठ्या कॉलेजातून शिकून आले होते.

साहेब म्हणजे ह्यांच्या कारखान्यातले पर्सनल मॅनेजर. कारखाना आधी अंबरनाथ स्टेशनजवळ होता, मग आनंदनगरला हलला. हे तिथे एकोणीस वर्षं स्टोअरकीपर. नट, बोल्ट, हातमोजे, ग्रीसचे डबे. कोणी चिठ्ठी आणली की काढून द्यायचं, चिठ्ठी नसली तरी काढून द्यायचं, आणि मग वरच्याच्या शिव्या खायच्या. ह्या माणसाच्या तोंडातून 'नाही' हा शब्द मी तेवीस वर्षांत ऐकला नाही. भावांनी नदीकाठचं शेत मागितलं, हे सही करून आले. शेजाऱ्याने छत्री मागितली, हे भिजत कामावर गेले. कुळगावातल्या अर्ध्या लग्नांचे फोटो ह्यांनी फुकट काढले, आणि आमच्या लेकीच्या, उमाच्या साखरपुड्याच्या फोटोंत हेच कुठे नाहीत. कारण कॅमेरा धरायला हेच!

कॅमेरा उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधून आणलेला, दुसऱ्याच्या हातचा. तो आल्यापासून ह्यांचे रविवार किल्ल्यांवर जायला लागले. ढासळलेली भिंत दिसली की हे खूश. मी म्हणायची, दगडच बघायचे तर आपल्या मागच्या अंगणात पायखान्याची भिंत पडलीय, ती बघा. हे हसायचे आणि तिचाही फोटो काढायचे.

त्या वर्षी साहेबांनी ह्यांना केबिनमध्ये बोलावलं. कंपनीचं कॅलेंडर निघायचं, त्यातली चित्रं मुंबईची कोणीतरी पार्टी द्यायची. साहेब म्हणाले, "मे महिन्याचं पान तुझं. समुद्रातला किल्ला दे. पण रिकामा हवा, माणूस नको एकही. खाली तुझं नाव छापू." हे घरी आले ते चप्पल न काढता थेट चुलीपर्यंत. म्हणाले, "मोती, तुझ्या माहेरचा कोट! पाणी कधी उतरतं ते सांग."

माझं माहेर मिठागरावरचं. समोर समुद्रात हा किल्ला. पुस्तकात त्याला मोठं नाव आहे म्हणे, आम्ही नुसतं कोट म्हणायचो. माझा बाप बुधाजी, त्याला अक्षर येत नव्हतं, पण पाणी वाचता यायचं. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. त्याच्या सव्वासहा तास आधी पाणी तळाला. मी बोटांवर मोजलं. रविवारी दशमी होती. म्हणजे संध्याकाळी साडेसातला भरती, सव्वा एकला पाणी तळाला, आणि साडेतीनपर्यंत वाळूवरून चालत जा, चालत या.

बापाचा एक नियम होता. म्हणायचा, "नवऱ्याशी खोटं बोल, दुकानदाराशी बोल, देवाशी बोल. पान्याचं खोटं बोलायचं नाय." मिठागरावर एकाच्या शब्दावर दहा माणसं खाडीत उतरायची. शब्द चुकला तर पाचच वर यायची. आमच्यात पाण्याची वेळ कोणी सांगितली की दुसरा उलटून विचारत नाही. हे कुळगावचे शेतकरी, ह्यांना समुद्राचं काय माहीत, पण हेही मला उलटून विचारायचे नाहीत. कोटाच्या पायथ्याशी पाण्याची नळी लागते, ओहोटीलाही न आटणारा चर. सकाळी येताना तिच्या काठावर मी म्हटलं "चला," आणि हे आकाशाकडे बघत, कॅमेरा डोक्यावर धरून, सरळ आत शिरले.

असो. साहेबांना बेत कळला. "अरे वा! मग आम्हीही येतो. कंपनीची जीप घेऊ." ह्यांना नाही म्हणता आलं नाही, हे काय वेगळं सांगायला हवं?

तर साहेब, मॅडम, मॅडमची बहीण आणि साहेबांची आई. मॅडम किल्ला बघायला उंच टाचेच्या सॅंडल घालून आलेल्या. दरवाजातून आत आल्याबरोबर मला विचारलं, "बाई, इथे टॉयलेट कुठे आहे?"

मी म्हटलं, "मॅडम, तीनशे वर्सं कुनी बांदलं नाय. आता सायेब आल्यात, बांदतील."

हे मागून खोकले.

मग सुरू झालं. दरवाजात मॅडम. विहिरीवर मॅडमची बहीण. दोघी मिळून. साहेब भिंतीला टेकून, हात छातीवर बांधून, आपणच ती भिंत राखली असल्यासारखे. साहेब लांब बोट दाखवताना, तिकडे काय दाखवायचंय त्यांनाही ठाऊक नाही. देवळापुढे सगळे. "मी डोळे मिटले वाटतं, पुन्हा घ्या हं." खट्ट. खट्ट. किल्ल्याचा इतिहासही साहेबांनीच सांगितला, दोनदा, आणि दोन्ही वेळा राजा वेगळा.

एक साहेबांची आई तेवढी माणसांतली. फोटोत यायला नको म्हणायची, तरी तिला ओढून उभी करायचे. दमून माझ्याजवळ सावलीत येऊन बसली. तांदळाची भाकरी अर्धी घेतली, लसणाची चटणी मागून घेतली.

"तुमचं माहेर इथलंच का हो?"

"समोरचं. ती झाडं दिसतात ना, त्याच्यामागं."

"मला बाई पाण्याची भीती वाटते. गुडघे धरलेत माझे. पाणी यायला लागलं की मला आधी सांगाल ना?"

"आजी, मी हाय तवर पान्याची काळजी करू नका," मी म्हटलं. "पयलं तुमाला सांगीन."

तिने माझा हात दाबला. हात पापडासारखा हलका होता.

हे माझ्याकडे आले. कॅमेऱ्याचं स्टँड काखेत, कपाळावर घाम. लेन्सवरचं झाकण काढत होते, लावत होते.

"तीन राहिलेत," हळूच म्हणाले. "तीनला ऊन कललं की ती पश्चिमेची भिंत उजळते, मोती. सोन्यासारखी. बुरुजावरून खाली वाळूपर्यंत सगळं येतं."

"आनि तीन वाजेपर्यंत ही मंडळी काय करनार? तुमची आरती?"

"सांगीन मी त्यांना."

"काय सांगाल?"

ह्यांनी झाकण पुन्हा लावलं.

"आताच सांगा. माझ्यासमोर सांगा, सायेब, रोल संपत आलाय, बास झालं."

"ते नाराज होतील. कॅलेंडर त्यांच्याच हातात..."

"हरिचंद्र!" तिकडून साहेब ओरडले. "दरवाजात एक ग्रुप! आईलाही आण!"

हे गेले. खट्ट. मग मॅडमची बहीण म्हणाली, माझा एकटीचा एकही चांगला नाही. खट्ट. पस्तीस. साहेब डबा उघडत म्हणाले, "जेवण झालं की एक शेवटचा. मी आणि मॅडम, सूर्य मागे घेऊन."

"हो साहेब," हे म्हणाले.

माझ्या अंगाची आग झाली. चीड साहेबांची नाही, साहेबांसारखे ढिगाने असतात. ह्या माणसाची. एक फोटो राहिला होता, आयुष्यात कागदावर नाव यायची एक जागा राहिली होती, आणि तीही हा पुरी-भाजीच्या डब्यामागे ठेवून देत होता. असल्या माणसाबरोबर मी तेवीस वर्षं काढली! मी उठले. तटावर गेले. खाली पाणी लांब गेलं होतं आणि अजून जात होतं. काळे खडक शेवाळाच्या दाढ्या सोडून उघडे पडले होते. एक वाजला होता. एवढा मोकळा किनारा मी लहानपणीच बघितला असेल.

मी वळले आणि ओरडले, "पानी फिरलं! उठा! उठा सगली!"

साहेबांच्या हातातली पुरी तशीच राहिली. "आता? हरिचंद्र तर साडेतीन म्हणाला होता."

"ते स्टोअरकीपर हायेत. मी मिठागरावरची हाय. कोटाच्या पाठीमागनं येतं पानी, दिसत नाय. दिसतं तवा गळ्याला लागलेलं असतं."

पुढचं विचारू नका. डबा सांडला. मॅडमने सॅंडल हातात घेतल्या. तो राजा सांगणारा माणूस सगळ्यात आधी दरवाजाबाहेर. "हरिचंद्र, तू?" असं पाठमोराच ओरडला. मी म्हटलं, "सामान आवरून येतो आमी. आमाला पोहता येतं."

आजी जाता जाता माझ्यापाशी थांबली. "तुम्ही सांगते म्हणालात आणि सांगितलंत हो. देव तुमचं भलं करो." आणि लंगडत सुनेच्या मागे गेली.

कोट रिकामा झाला. वारा तेवढा राहिला. हे बुरुजावर गेले, स्टँडचे तीन पाय पसरले, कॅमेरा बसवला, आणि मग समुद्राकडे बघत राहिले. कुळगावचे असले तरी तेवीस वर्षं माझ्यासोबत होते.

"मोती."

"काय?"

"पाणी अजून उतरतंय."

"उतरंल नायतर चढंल. तुमचा कोट रिकामा झाला का नाय? आता काढा तीन वाजता. सोन्यासारखा."

खाली वाळूवर ती मंडळी पळत होती, मुंग्यांची रांग फुटावी तशी. मधल्या शेवाळाच्या खडकांत एक ठिपका खाली बसला. बाकीचे दोन ठिपके मागे आले. वाऱ्यावर बारीक आवाज आला. म्हाताऱ्या माणसाचा आवाज लांबूनही कळतो.

ह्यांनी दोन्ही हातांनी तट धरला. "हाक मारू? सांगू, हळू जा, पाणी नाहीये?"

"मारा. मग येतील परत, सूर्य मागं घ्यायला."

मला वाटलं आता मारतील. हा माणूस आयुष्यभर हाकेला ओ देणारा. पण ह्यांनी हाक मारली नाही. वाकले, डोळा लावला. मी म्हटलं, "अवं, आत्ताच? ऊन कलायचं होतं ना?"

"कशाला?" म्हणाले, आणि दाबलं.

छत्तिसावा.

कॅलेंडर आलं. मे महिन्याच्या पानावर आमचा कोट, आणि खाली ह्यांचं नाव, एक वेलांटी न चुकता. शेजारच्या सुंदराबाईपासून वांगणीच्या नणंदेपर्यंत मी सगळ्यांना दाखवलं. साहेबांनी ह्यांना पुन्हा केबिनमध्ये बोलावलं. माणूस नको म्हणणारे साहेबच, पण म्हणाले, "वा, हरिचंद्र! ती वाळूवरची बारीक माणसं आहेत ना, त्यांच्यामुळे कळतं किल्ला केवढा आहे." स्वतःची आई खडकात बसलेली, स्वतःची बायको तिला उठवत असलेली, आणि ह्या शिकलेल्या माणसाने त्यांना ओळखलं नाही. आजीचा पाय महिनाभर प्लास्टरमध्ये होता, हे ह्यांनी मला स्टोअरमधल्या कोणाकडून तरी कळलं म्हणून सांगितलं. ताटावर बसून सांगितलं, वर न बघता. कॅलेंडरबद्दल विचारलं तर एवढंच म्हणाले, "दुपारचं ऊन आहे ते. भिंत मेलेली दिसते." त्यांच्याशिवाय कोणालाच ती मेलेली दिसली नाही. मलाही नाही. मे संपला तेव्हा ह्यांनी पान उलटलं, जून केला.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी फोटो काढल्यावर हे म्हणाले, "चल, आजीला हात देऊ." कॅमेरा पिशवीत टाकला, स्टँड मिटलं, आणि भरभर पायऱ्या उतरले. मी फडकं गुंडाळून मागोमाग. मनात म्हणत होते, देतील, आजीला हात देतील, साहेबाला खांदा देतील, जीपला धक्काही देतील. फुकटचे हमाल.

पायथ्याशी ती नळी आली. पाणी तळाला जायला अजून थोडा वेळ होता. वरून ऊन पडलेलं, आत काही दिसत नव्हतं, नुसतं चकाकत होतं. हे काठावर थांबले.

मी म्हटलं, "थांबलात काय? चला. गुडघ्याएवढंच हाय."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. काखेतलं स्टँड काढलं, त्याचा एक पाय लांब केला, खाली पाण्यात सोडला. तळाला टेकला तसा वर काढला आणि ओल कुठवर आलीय ते बघितलं. पुढे हात लांबवून पुन्हा सोडला. पुन्हा बघितलं. मग एक पाऊल टाकलं. मग पुन्हा स्टँड. अशी एकेक पावलाने ती दहा हातांची नळी त्यांनी ओलांडली, एकदाही मागे न वळता.

मी काठावर उभी होते. पाणी गुडघ्याएवढंच होतं.