पाणी धरून ठेवणारं रेडिएटर

माह्या तोंडाले लगाम नाही, हे साऱ्या गावाले ठाऊक आहे. पण त्या दिवशी खुशालराव मिस्त्रीच्या कारखान्यात मी गप बसली असती, तं माह्या पोरीवर तशी वेळ आली नसती. हे मी आता उघड सांगून राहिली. कोणाले काय म्हणाचं ते म्हणा.

आमचं गाव दर्यापूर अन् भातकुलीच्या मधात, खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी असं खारं की डाळ शिजत नाही. गोडं पाणी लांबून आणावं लागे. लढाई संपल्यावर सरकारनं फौजेच्या जुन्या जीपा विकाले काढल्या, तवा आमच्या भगवंतरावानं एक घेतली. घेतलं नवऱ्याचं नाव, आता या वयात काय लाजाचं! जीपमधी पिंप ठेवून पाणी आणता येईल अन् पावसाळ्यात काळ्या चिखलातूनही निघता येईल, असा त्याहीचा हिशेब. पण तिचं इंजन मेलेलं होतं. अमरावतीच्या खुशालराव मिस्त्रीनं तिच्यात लॉरीचं मोठं इंजन बसवलं. मंग राहिलं रेडिएटर अन् पंखा, म्हणून आमी दोघं गेलो.

"जीपचं जुनं रेडिएटर या इंजनाले पुरनार नाही," खुशालराव म्हणे. त्यानं दुसरे दोन पुढं मांडले. एक कोरं, मधल्या आकाराचं. दुसरं लॉरीतून काढलेलं, चांगलं ऐसपैस, आमच्याच भागात दहा वर्षं चाललेलं. पंख्याचं त्यानं कोणाले विचारलंच नाही. "चिखलात गाडी बैलाच्या चालीनं चालन. समोरून वारा लागनार नाही, पंख्यानंच ओढाले पाहिजे," असं म्हणून त्यानं सहा पात्यांचा पंखा उचलला. वारा बाजूनं निसटू नये म्हणून त्याच्याभोवती पत्र्याचं कडं बसवलं.

मंग त्यानं दोन्ही रेडिएटरमधी वरून बादलीभर पाणी ओतलं. कोऱ्यातून धो धो खाली आलं. जुन्यातून सुतासारखी धार.

मी लगेच म्हटलं, "हेच घ्या. पाणी कसं धरून ठेवते! ते दुसरं तं गळकं दिसते."

खुशालराव हसला. "वहिनी, हा काही रांजण नाही. याच्यातून पाणी पळालं पाहिजे. जुन्याच्या नळ्या खाऱ्या पाण्यानं आतून बुजल्या आहेत."

तो हसला, तेच मले झोंबलं. "पाण्याचं मले शिकवता? पाणी राखता राखता जन्म गेला माहा!"

ह्याहीनं एकडाव मिस्त्रीकडे पाहिलं, एकडाव माह्याकडे. चारचौघांत माह्याशी भांडण नको, म्हणून लॉरीचं जुनंच बसवा म्हणाले. हिवाळाभर, उन्हाळाभर कोरड्या वाटेवर समोरून वारा लागे, गाडी बरी चालली. रेडिएटरची टाकी मी पारखली, असं मी गावभर सांगत फिरली.

श्रावणात शालूचा गळा धरला. सहा वर्षाची माही एकुलती एक पोरगी. आधी ताप, मंग मान सुजली, अन् तिसऱ्या दिवशी सकाळी श्वासाची शिटी वाजाले लागली. नत्थुजी वैद्यानं तिचं तोंड उघडून पाहिलं अन् मागं सरकला. "घटसर्प आहे. गळ्यात पडदा धरून राहिला. आत्ताच्या आत्ता अमरावतीच्या दवाखान्यात न्या. बैलगाडीनं नका जाऊ, पोरगी पुरनार नाही."

ह्याहीनं जीप काढली. मागं पिंप होतंच, पत्र्यावरचं पावसाचं पाणी भरून ठेवलेलं. शालूले मांडीवर घेऊन मी पिंपाशेजारी बसली. भातकुलीपर्यंत चार कोस चिखल, पुढं पक्की सडक.

कोसभर गेलो नाही तं बोनटमधून वाफ निघाली. ह्याहीनं गाडी थांबवली. भोवती कोणी नाही, नुसती कपाशीची ओली पऱ्हाटी. पंखा तं जोरात फिरून राहिला होता, वारा चांगला ओढून राहिला होता. ह्याहीनं इंजन बंद केलं, जरा निवू देलं, मंग रेडिएटरची खालची नळी काढली. पाणी आलं ते सुतासारखं.

ते धार पाहून मागं पिंपाकडे वळले. शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं.

"मी केलं हे," मी म्हटलं. "माह्या हातानं मारली मी पोरगी."

"बोलू नको. पिंप भरलेलं आहे का?"

"काठोकाठ."

त्याहीनं रेडिएटर बाजूलेच सोडून देलं. पिंपातून पाणी काढाची रबरी नळी होती, ती इंजनाच्या पाण्याच्या पंपाले माह्या पदराची चिंधी फाडून बांधली. पिंपातलं थंडं पाणी इंजनात जाणार अन् तापून वरच्या नळीनं रस्त्यावर पडणार. एकदा गेलं ते गेलं.

"पिंप आटलं तं?" मी विचारलं.

"तं गाडी तिथंच मरन."

गाडी निघाली. ज्या पाण्याचा थेंब सांडला म्हणून मी मोलकरणीले शिव्या घातल्या, ते चिखलात वाहून जाऊन राहिलं होतं. मी एका हातानं पिंपावर टिचकी मारून पाही, पाणी कुठवर उतरलं ते. दुसरा हात शालूच्या छातीवर. पिंपाचा आवाज पोकळ होत चालला, अन् तिच्या श्वासाची शिटी बारीक. तिचे ओठ निळे पडले. कोणत्या देवाले हाक मारावी, तेही सुचेना.

तिथून दोन कोसांवर पिंप अर्ध्याच्या खाली गेलं. नाल्यात गढूळ पाणी होतं. मी म्हटलं थांबा, भरून घेऊ. ह्याहीनं शालूच्या तोंडाकडे पाहिलं अन् गाडी थांबवली नाही. तिची फासळी श्वासासंगं आत ओढली जाऊन राहिली होती.

भातकुलीची घरं दिसली तवा पिंपाचा आवाज तळापर्यंत पोकळ झाला होता. रस्त्याच्या कडेच्या विहिरीवर पार्बताबाई नावाची बाई धुणं धूत होती. मी नुसती किंचाळली, "पाणी!" तिनं धुणं टाकलं. पिंपात घागरीवर घागर ओतत राहिली. पुढं पक्क्या सडकेनं आमी अमरावतीच्या दवाखान्यात पोचलो. डाक्तरनं पोरीले माह्या हातातून हिसकून नेलं. गळ्याले भोक पाडून श्वासाले वाट केली, असं मले मागून सांगितलं.

पंधरा दिवस मी शालूच्या खाटेखाली झोपली. तिचा गळा आतून लुळा पडला होता. पाणी पाजलं की नाकातून बाहेर ये. पोटात नळी घालून दूध देत. नर्सबाई म्हणे, "घोट खाली उतरला तरच पोरगी वाचली समजा."

सोळाव्या दिवशी शालूनं बोटानं पाणी मागितलं. नर्सबाईनं चमचा तिच्या तोंडाले लावला. पाणी तोंडातच राहिलं. शालू माह्याकडे पाहे, डोळे फाटलेले, गाल फुगलेले. जन्मभर पाणी धरून ठेवा म्हणणारी मी, अन् त्या खाटेपाशी उभी राहून मी ओरडून राहिली होती, "धरू नको माय! सोड! जाऊ दे खाली!"

तिच्या गळ्यावरची पट्टी हालली. नाकातून काही आलं नाही. नर्सबाईनं दुसरा चमचा भरला.