ओथोची रिकामी खाच

"नाक हलवू नकोस," मी बायकोला म्हणालो.

"नाक कुणी हलवतं का? आणि टिंगल करायची असेल तर मी उठले बघ!"

"टिंगल तुझी नाही, तुझ्या बाबांची करायचीये."

तेव्हा कुठे ती खिडकीशी नीट बसली आणि मी मेणात तिचं नाक कोरायला घेतलं. लांब, मध्ये उंचवटा, टोकाला जरा झुकलेलं. अस्सल सासूबाईंचं. सासूबाई गेल्या, नाक ठेवून गेल्या.

मी कवळ्या बनवतो. मेणाचा दात करायचा, भोवती प्लास्टर भरायचं, मेण वितळवून काढायचं आणि पोकळीत धातू ओतायचा. लोकांच्या तोंडात खोटे दात घालून पोट भरणाऱ्याला एक खोटं नाणं काय जड?

सासऱ्यांनी जन्मभर वेल्डिंग केलं. शौक मात्र राजेशाही: रोमन लोकांची चांदीची नाणी. दोन हजार वर्षांपूर्वीची, अंगठ्याच्या नखाएवढी, प्रत्येकावर एक सम्राट. लाकडी ट्रेमध्ये प्रत्येकाची गोल खाच. एकच खाच कायम रिकामी, ती ओथोची. हा गडी गादीवर टिकला जेमतेम तीन महिने, वर टकलावर केसांचा टोप घालायचा. नाणी थोडी, म्हणून भाव आभाळाला. "येईल माझा टोपवाला," म्हणत सासऱ्यांनी जागा राखली होती.

आधी सासूबाई गेल्या, मग सासऱ्यांचे डोळे. माणूस खुर्चीला चिकटला. ट्रे उघडेनात. "आंधळ्याच्या घरी एवढे सम्राट कशाला?" म्हणाले आणि सगळं विकायला नाणेवाल्याला बोलावलं. बायकोने समजावलं, रडून पाहिलं. शेवटी प्रकरण माझ्या खात्याकडे आलं. खोड्यांच्या.

"बाबांनी ओळखलं नाही तर?" बायकोने विचारलं.

ओथो खरा समजून बाबा खुश झाले असते, तर तो खोटा आहे हे मी कुठल्या तोंडाने सांगणार होतो?

नाणेवाला आला, भिंग काढून बसला. सासरे म्हणाले, "थांबा, एकदा भेटून घेतो सगळ्यांना."

बोट खाचांवरून सरकू लागलं. "हा नीरो, गळ्याला घड्या. हा गाल्बा, म्हातारा. आणि इथे..."

बोट थांबलं. खाच भरलेली होती.

बायकोने माझा दंड असा चिमटला की मी ओरडायचाच बाकी होतो.

सासऱ्यांनी नाणं उचललं आणि खालच्या ओठावर टेकवलं. वेल्डिंगने बोटांची टोकं बधिर झालेली, म्हणून डोळे धड होते तेव्हाही बारकावे ते ओठानेच बघायचे. नाणं ओठावर फिरलं, कडेकडेने.

"जावईबापू."

"अं?"

"हे ओतलंय. रोमन माणूस चांदीवर हातोडा हाणायचा, कड तडकायची. ही कड तुमच्या कवळीसारखी गुळगुळीत. आणि पॉलिश केवढं! ओथोचे दात घासलेत की काय?"

नाणेवाला खो खो हसला. माझा जीव भांड्यात पडला.

"द्या, फेकून देतो," मी हात पुढे केला.

"थांबा हो."

नाणं पुन्हा ओठावर गेलं. कपाळ, मग उंचवटा, मग झुकलेलं टोक.

"कुणाला बसवलं होतंत?"

"मला, बाबा," बायको म्हणाली.

"नाही गं. ही तुझी आई."

ओठावरून नाणं निघायला जरा वेळ लागला. नाणेवाल्याने भिंग खिशात घातलं.

"साहेब, तुम्हाला उगाच हेलपाटा," सासरे म्हणाले. "चहा घ्या. विकायचं राहू द्या. आणि जावईबापू, मागची बाजू कोरी का?"

"तिथे तुम्ही येणार होतात."

"मग टोप घालून काढा. टकला तिच्या पाठीशी शोभायचो नाही. पण ओतायचं नाही, ठोकायचं! कवळीवाल्याचं काम नाही ते. माझा हातोडा कुठेय?"

"कपाटात. मी आणते," बायको उठली.

"बस तू."

सासरे स्वतःच उठले. भिंत चाचपत कपाटाकडे निघाले.

मी ट्रे बंद केला. ओथोची खाच रिकामीच होती. सासूबाई त्यांच्या मुठीत होत्या.