पालथा ड्रम

मी वराळ्यातल्या एका चाळीचा निळा ड्रम बोलतोय. आवाज घुसमटल्यासारखा येत असेल तर सांभाळून घ्या. गळ्यापर्यंत सामान कोंबलंय, वरून झाकण दाबून बसवलंय आणि सध्या मी इंदुरीतल्या एका गोठ्यात दोन म्हशींच्या शेजारी उभा आहे. म्हशींबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यांनी आजवर कुणाला खोली खाली करायला सांगितलेलं नाही.

माझा जन्म कारखान्यातला. गरम प्लास्टिक साच्यात ओतलं आणि मी गुळगुळीत, निळाशार होऊन बाहेर पडलो. तेव्हा माझी ऐट काही विचारू नका. एका रंगाच्या कंपनीत माझ्यात पांढरी पावडर भरली. ती संपली आणि मला सरळ भंगारात टाकून दिलं. काम झालं की माणसं मागं वळून बघत नाहीत, हे मी पहिल्याच नोकरीत शिकलो.

भंगारवाल्याकडून मला रियाजनं उचललं. तो टेम्पो चालवायचा. त्याचं नवीन लग्न झालेलं, आणि वराळ्याच्या चाळीत पाणी दिवसाआड यायचं. त्यानं मला सोड्यानं घासलं, उन्हात वाळवलं, नाक खुपसून वास घेतला आणि पुन्हा घासलं. तरी त्याची बायको हुमेरा कितीतरी महिने माझ्यातलं पाणी प्यायली नाही. नुसती भांडी घासायची. मला राग यायचा. मग एका उन्हाळ्यात नळ आलाच नाही, तेव्हा तिनं निमूटपणे तांब्या बुडवला आणि प्यायली. त्या दिवसापासून मी घरचा झालो.

घरचा म्हणजे दाराबाहेरचा. खोली एवढीशी, वर पत्रा, त्यात माझ्यासारख्या ढेरपोट्या गड्याला जागा कुठून असणार? पण दाराबाहेर उभं राहण्याचा एक फायदा असतो. आतलंही ऐकू येतं आणि बाहेरचंही दिसतं.

त्यांची मुलगी शहिस्ता माझ्याच आधारानं उभी राहायला शिकली. थोडी मोठी झाल्यावर तिला एक खेळ सापडला. मी रिकामा असलो की ती काठावर पोट टेकवून आत डोकं घालायची आणि जोरात स्वतःचं नाव घ्यायची. मी तिला तिचं नाव परत द्यायचो, जरा घुमवून, जरा मोठं करून. ती खिदळायची. खरं सांगतो, पाणी साठवण्यापेक्षा मला ते काम जास्त आवडायचं.

शहिस्ता शाळेत जायला लागली त्या वर्षी रियाज वापीला गाडी घेऊन गेला आणि तिकडचाच झाला. आधी फोन यायचे, मग कमी झाले, मग नंबरच बंद झाला. हुमेरा रडली ती माझ्यापाशी, नळ चालू करून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. दुसऱ्या दिवशी ती नवलाख उंबऱ्याच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायला लागली. पहाटे मला भरायचं, पोरीचा डबा करायचा आणि बस गाठायची, असं तिचं सुरू झालं. भाडं तिनं कधी थकवलं नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण खोली सोडायला लावली म्हटलं की लोकांना आधी तोच संशय येतो.

चाळीची मालकीण कस्तुराबाई. त्यांची जमीन कारखान्यांसाठी गेली, त्या पैशात त्यांनी या खोल्या बांधल्या. बाई तोंडानं फटकळ, पण ईदला शीरखुर्मा पोचला नाही तर स्वतः विचारत यायच्या, आणि दिवाळीला फराळाचं ताट पहिलं हुमेराकडं यायचं. त्यांचा मुलगा कैलास मात्र खोल्यांकडं वेगळ्या नजरेनं बघायचा. कारखान्यांना पोरं पुरवणारा एक ठेकेदार त्याच्या मागं लागला होता. एका खोलीत दुमजली लोखंडी पलंग टाकायचे, पोरं दाटीवाटीनं ठेवायची आणि भाडं डोक्यामागं घ्यायचं. बऱ्याच खोल्या तशा झाल्याही. आता हुमेराच्या खोलीवर डोळा होता.

एकदा कैलास दारात येऊन तिला सरळ म्हणाला, "बघा दुसरीकडं कुटंतरी." ते कस्तुराबाईंच्या कानावर गेलं. त्या तरातरा चाळीत आल्या आणि माझ्या काठावर हात ठेवून म्हणाल्या, "पोरीची वार्षिक परीक्षा हुईस्तवर तुला कुणी हात लावणार न्हाई. माजा शब्द हाय." हुमेराच्या जिवात जीव आला. माझ्याही.

आता आमच्या चाळीची एक रीत सांगतो, कारण पुढं सगळं त्यावरच फिरलं. आमच्याकडं कुणी खोली सोडणार असलं की ते तोंडानं सांगत नाही. ड्रम रिकामा करून दारात पालथा घालतात. वाळला की त्यात भांडी, कपडे, अंथरूण भरायचं आणि टेम्पोत चढवायचा. त्यामुळं दारात पालथा ड्रम दिसला की येणारा जाणारा समजतो, खोली रिकामी होतेय. धुवायचा असला तर आम्हाला आडवं करतात आणि लगेच उभं करतात. पालथं कुणी ठेवत नाही. शहिस्ताला हे कुणी सांगितलंच नव्हतं. तिच्या जन्मापासून त्यांनी खोली बदललेली नव्हती.

पावसाळा संपता संपता तापाची साथ आली. आरोग्य खात्याच्या आशाताई, राजेश्वरी त्यांचं नाव, शाळेत गेल्या आणि त्यांनी मुलांना डासांच्या अळ्या दाखवल्या. आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळायचा, ड्रम घासायचा, उन्हात पालथा ठेवायचा, असं समजावून सांगितलं. शहिस्ता सांगितलेलं ऐकणारी मुलगी. रविवारी हुमेराची कॅन्टीनमध्ये पाळी होती. आई घरी नसताना शहिस्तानं मला रिकामं केलं, आत वाकून ब्रशनं शेवाळ काढलं आणि मग पालथं करायला लागली. तळाशी पाणी राहिलेलं, मी तिच्यानं काही हलेना.

तेवढ्यात कैलासची मोटरसायकल थांबली.

"काय चाललंय गं?"

"कोरडा दिवस आहे, मामा. ड्रम पालथा करायचाय. होतच नाही."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग बंद दाराकडं, मग रस्त्याकडं. मोबाईल खिशात टाकून त्यानं बाह्या सावरल्या आणि एका हिसक्यात मला पालथं केलं. "आता संध्याकाळपर्यंत हलवू नकोस बरं का," तो म्हणाला, "न्हाईतर अळ्या परत हुत्यात." शहिस्ता त्याला थँक्यू म्हणाली. त्यानं मोबाईल काढून माझा फोटो घेतला आणि गेला.

पालथ्या ड्रमाला दिसत नाही, ऐकू येतं. मला दिवसभर ऐकू येत होतं. "हुमेरा चालली वाटतं." "कुटं मिळाली गं खोली?" दुपारी कस्तुराबाई आल्या. हुमेरा कामावर, पोर शेजारी टीव्ही बघत बसलेली. बाईंनी माझ्या बुडावर बोटांनी टकटक केलं. "एका शब्दानं सांगितलं न्हाई मला," त्या स्वतःशीच बोलल्या. "मी परकीच." त्यांचा आवाज दुखावलेला होता, आणि तो खोटा नव्हता. मला त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं, पण माझं तोंड जमिनीला टेकलेलं. संध्याकाळच्या आत कैलासनं तो फोटो दाखवून ठेकेदाराकडून खोलीचा इसार घेतला.

हुमेरा आली, मला पाहिलं आणि जागच्या जागी थिजली. मग तिनं घाईघाईनं मला सरळ केलं. पण आता सरळ करून काय उपयोग?

सकाळी लोखंडी पलंगांचा टेम्पो आला. मागोमाग कैलास आणि कस्तुराबाई. चाळीतली माणसं दारादारात उभी राहिली.

"मावशी, मी कुटं सोडतीय खोली?" हुमेरा म्हणाली. "पोरीनं ड्रम धुतला नुसता."

"मग पालथा कशाला ठिवला? साऱ्या आळीनं बगितला."

"मी नाही केला, आजी," शहिस्ता पुढं आली. "मला उचलत नव्हता. कैलासमामांनीच पालथा केला. मी त्यांना सांगितलं होतं, कोरडा दिवस आहे म्हणून."

कस्तुराबाई लेकाकडं बघत राहिल्या. कैलास मोबाईलमध्ये काहीतरी शोधायला लागला. बाईंना सगळं कळलं. मी पैजेवर सांगतो, त्या घडीला त्यांना सगळं कळलं. त्यांनी पदर डोक्यावर ओढला आणि खाली बघत म्हणाल्या, "ठेकेदाराला शब्द गेलाय गं पोरी आता. माणसं येऊन हुबी ऱ्हायलीत."

"शब्द मलापण दिलावता, मावशी."

"चार दिस घे आनखी," एवढं बोलून त्या वळल्या. पुढच्या ईदला त्या शीरखुर्म्याची वाट बघतील का, हा विचार माझ्या मनात आला आणि माझं प्लास्टिक तापलं.

मग सुरू झाली खोलीची शोधाशोध. रोज पाळी संपली की हुमेरा वणवण करायची आणि सकाळी दूध घालायला येणाऱ्या झुंबरबाईंना सांगायची. इंदुरीच्या या झुंबरबाई म्हातारपणातही दोन म्हशी राखून आहेत.

"फोनवर खोली हाय म्हनत्यात, मावशी. जाऊन नाव सांगितलं की कालच गेली म्हनत्यात."

"आन् ती पुलापलीकडली?"

"तिथं नावाचं काय न्हाई. मिस्टर कुटं असत्यात म्हनले. मी म्हनलं, न्हाईत. तर म्हनं, आमी फॅमिलीलाच देतो. मी म्हनलं, आमी दोगी मायलेकी फॅमिलीच की वो. तर हसले."

झुंबरबाईंनी दुधाचं माप खाली ठेवलं. "माज्याकडं घेतलं असतं गं," त्या म्हणाल्या, "पर दोन खोल्यांत आमीच सातजन. सून आधीच तोंड फिरवती." हुमेरानं त्यांचा हात धरला. जिच्याकडं जागा नव्हती तिलाच तेवढी लाज वाटत होती.

चार दिवस सरले. खोली मिळाली नाही. शेवटी हुमेराचा भाऊ अरबाज लोणावळ्याहून आला. तो गॅरेजमध्ये काम करतो, तिथंच मागं एका खोलीत बायकापोरांसह राहतो. तो म्हणाला, "आपा, शहिस्ताला नेतो. तुम्हा दोघींना नाही जमणार." बोलताना तो माझ्याकडं बघत होता, बहिणीकडं नाही. हुमेराला तळेगावात बायकांच्या खोलीत एक कॉट मिळाली. तिथं लेकरू चालत नाही.

ज्या पोरीच्या परीक्षेसाठी सगळा जीव टांगणीला लागला होता, तिची शाळाच सुटली.

मग माझ्यात घर भरलं. तळाला दोन पातेली, त्यांच्यावर शेगडी, तवा, पोळपाट. त्यावर गोधडी, कपडे, दाराचा फुलांचा पडदा. शहिस्तानं तिची रंगपेटी कडेला खोचली. ती सारखी म्हणत होती, "अम्मी, मी पालथा करायला घेतलाच नसता तर?" हुमेरा दर वेळी म्हणायची, "तुझं काही नाही बेटा." मग झाकण बसलं. झुंबरबाईंनी मला त्यांच्या गोठ्यात आणवलं.

आता सुट्टीच्या दिवशी दोघी इथं भेटतात. एक लोणावळ्याहून मामाबरोबर येते, एक तळेगावहून. घर नाही, म्हणून गोठ्यात भेटायचं. म्हशी बाजूला सरकतात. हुमेरा पोरीच्या केसांना तेल लावते, दोघी डब्यातलं खातात. जाताना माझं झाकण उघडतात आणि लागेल ते काढून नेतात. आधी स्वेटर काढला, लोणावळ्याची थंडी सोसत नाही म्हणून. मग गोधडी. गेल्या वेळी शेगडी गेली. मामीची बिघडली होती, आणि पोर तिच्या घरी जेवते.

शेगडी काढायला मला जवळजवळ रिकामं करावं लागलं. तेव्हा शहिस्ता काठावर वाकली. मी वाट बघत होतो. ती नाव घेईल, मी परत देईन. तिनं आत डोकं घातलं, तळातल्या दोन पातेल्यांकडं पाहिलं आणि काहीच न बोलता बाहेर आली.

मला भीती वाटते ती याचीच. दर खेपेला मी हलका होतोय. सामान संपलं तर झुंबरबाईंची सून माझ्यात पेंड भरेल, आणि या दोघींना भेटायला गोठ्यातसुद्धा काही कारण उरणार नाही.

तुम्ही वाचताय, तुमच्या ओळखीत एखादी खोली असेल. लहान चालेल, पत्र्याची चालेल, पाणी दिवसाआड चालेल. भाडं वेळेवर मिळेल, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. फक्त मिस्टर कुठं असतात हे दारातच विचारू नका. मला आत घेऊ नका, मी बाहेरच उभा राहीन, सरळ, तोंड वर करून. आणि शहिस्ताला कुणीतरी सांगा, ड्रम तिनं पालथा केला नव्हता.