बुडालेल्याचा शंख

धुक्याला राजकारण कळत नाही, एवढं एक बरं. त्या वसंतात बिल्बाओबाहेरच्या समुद्रावर ते असं काही उतरलं की एवारिस्तोला आपल्याच बोटीचं पुढचं टोक दिसेना. बोट मूळची कॉड मासे धरणारी. देशात यादवी पेटली तेव्हा सरकारने तिच्यावर एक तोफ बसवली आणि कोळ्यांना सांगितलं, आजपासून तुम्ही आरमार.

तोफ एक, माणसं तीस. आणि धुक्यात कुठेतरी बंडखोरांचं मोठं जहाज. बोटीचा प्रमुख, तांडेल आन्दोनी, याने इंजिन बंद करायला लावलं.

"कुणी शिंकलं तरी समुद्रात फेकीन," तो कुजबुजला.

सगळं थांबलं. पाणीसुद्धा. हातात अर्धा पाव घेऊन उभ्या एवारिस्तोला वाटलं, आपण दूर गालिसिया प्रांतात आपल्या घरीच आहोत, झोपेत आहोत, आणि चुलीवर आईने ठेवलेलं दूध उतू चाललंय.

तेवढ्यात शंख वाजला. दोन लांब, एक आखूड.

ही एवारिस्तोच्या गावची हाक, आणि शेवटचा सूर असा घसरवणारा माणूस जगात एकच, आमान्सियो. दोघं एका गल्लीत वाढले, याच बोटीवर सहा वर्षं जाळी ओढली. गेल्या जुलैत आमान्सियो बहिणीच्या लग्नाला गावी गेला आणि मागे वाट बंद झाली. गाव बंडखोरांच्या हाती पडलं, त्यांनी त्याच्या अंगावर आपला गणवेश चढवला. या म्हाताऱ्या इंजिनाचा खोकला त्याने ऐकला असणार. तो त्याला झोपेतही ओळखू आला असता.

एवारिस्तोच्या पिशवीत जोडीचा शंख होता. हात आपसूक तिकडे गेला.

"ठेव तो," तांडेल म्हणाला.

"तांडेल, दोस्त आहे माझा. हाकेला ओ न देणं आमच्याकडे पाप आहे."

"आणि त्याच्या शेजारी तोफेवर बसलेला? तो कोण, तुझा मेहुणा?"

"आमान्सियो मला फसवणार नाही."

"नसेल फसवत. पण तू ओ दिलीस तर तीस घरांत रडारड. मग तुझं पुण्य काय चाटायचंय, लेका?"

गावचा नियम साधा होता. धुक्यात तीनदा हाक द्यायची. तिन्ही वाया गेल्या तर माणूस बुडाला असं धरायचं.

दुसरी हाक आली, पार जवळून. एवारिस्तोला त्या क्षणी युद्ध, सरकार, तोफ, सगळ्याचा संताप आला. तिसरी आली तेव्हा त्याने हातातला पाव तोंडात कोंबला, म्हणजे तोंडाला दुसरं काही सुचायला नको.

बराच वेळ काहीच नाही. मग एकच लांब सूर, हळूहळू खाली उतरत गेलेला. बुडालेल्यासाठी फुंकतात तो. लहानपणी एवारिस्तोने तो बापासाठी ऐकला होता. आताही सवयीने त्याने टोपी काढली.

पलीकडचं जहाज वळलं. त्याची घरघर दूर गेली, विरली.

"काय वाजवलं रे त्याने?" तांडेलने विचारलं.

एवारिस्तोने तोंडातला पाव काढून हातात घेतला. "मी मेलो म्हणून."

तांडेल त्याच्याकडे वळला. "त्याला खरंच तसं वाटलं, की आपल्याला वाचवायला वाजवलं?"

"युद्ध संपल्यावर जाऊन विचारलं असतं," एवारिस्तो म्हणाला. त्याचे डोळे वाहत होते. "पण आता कुठल्या तोंडाने जाऊ?"