अब्बांची वाकडी बोटं

टाचण्या टोचून टोचून माझ्या कडांची चाळण झाली आहे, मित्रांनो. मी एक जुना ड्रॉइंग बोर्ड आहे. दौंडच्या एका सुताराने मला मऊ लाकडातून घडवले आणि चित्रकलेचा कोर्स करणाऱ्या बिरदेव नावाच्या तरुणाने मला विकत घेतले. तेव्हापासून कित्येक वर्षे एका जागी बसणे मला ठाऊक नव्हते.

पुढे त्यांचे बिरदेव सर झाले. आधी कवठे येमाईच्या शाळेत, मग बदली होऊन दौंडला. मला काखेत मारून ते एसटीत उभ्याने प्रवास करत. माणूसच अस्वस्थ. चित्रकलेचा तास गणिताला दिला, की व्हरांड्यात फेऱ्या मारत राहायचे. त्यांचे वडील पूर्वी मेंढरं राखायचे. "आबा कळपातली एकेक मेंढी तोंडावरून वळखायचे. तसं बघायला शिका," असे सर मुलांना सांगत. ज्याचे चित्र चांगले, त्याला पुढचे चित्र माझ्यावर काढायला मिळे. मला त्याचा फार अभिमान होता.

नववीच्या वर्गात अल्फिया होती. तिचे वडील फकीरभाई कुरकुंभच्या एका कंपनीत शिफ्टला जात. रात्रपाळी करून दमून झोपलेल्या वडिलांचा हात तिने घरी वहीत टिपला आणि शाळेत माझ्यावर मोठा काढला. आठवडा लागला. चित्र पुण्याच्या प्रदर्शनाला जायचे होते.

आदल्या संध्याकाळी वर्ग रिकामा झाला. सर माझ्यासमोर आले, लांब गेले, पुन्हा आले. एवढ्या गुणी मुलीचे बक्षीस वाकड्या बोटांपायी हुकेल, असे त्यांना वाटले असावे. त्यांनी पेन्सिल उचलली आणि बोटे सरळ केली. मी कासावीस झालो, पण बोर्डाचे कोण ऐकणार?

सकाळी अल्फिया चित्रासमोर आली आणि तिने सरळ झालेल्या बोटांवरून बोट फिरवले.

"सर, हे तुम्ही केलं?"

"व्हय. प्रमाण चुकलं होतं. जरासं नीट केलं."

"चुकलं न्हवतं सर. ड्रम उचलून उचलून अब्बांची बोटं तशीच झाल्यात. सरळ व्हतच न्हाईत." तिने एकेक टाचणी काढली. "आता हे माझं न्हाई राहिलं. मी पाठवणार न्हाई."

सर बाकावर बसले. मग सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "चूक माझी हाय. मी बघितलंच न्हाई."

पुण्याची गाडी दोन तासांनी होती. माझ्यावर नवा कागद चढला. अल्फिया इतकी दाबून काढत होती, की रेघा माझ्या अंगावर उमटल्या. सर बाहेर येरझाऱ्या घालत राहिले, पण एकदाही आत डोकावले नाहीत. चित्र घाईचे झाले. मनगट जाड आले, सावली अर्धी राहिली. बोटे मात्र फकीरभाईंचीच होती.

बक्षीस मिळाले नाही. फकीरभाई मात्र रजा टाकून प्रदर्शन बघायला गेले. नेहमी खिशात लपवलेला हात त्यांनी त्या चित्रासमोर बाहेर काढला आणि परत येईपर्यंत खिशात घातला नाही. हे सरांनीच वर्गाला सांगितले.

अल्फिया आता पुण्यात कलेचे शिक्षण घेते. सर अजून शिकवतात, पण मुलांमागे उभे राहताना हात पाठीशी बांधून ठेवतात. शाळेत नवे बोर्ड आले आणि मी कपाटामागे गेलो. ओल्या भिंतीने लाकूड फुगते आहे. वर्गात कुणी बाक सरकवला, तरी मला चैन पडत नाही.

मित्रांनो, मला कोरड्या जागी ठेवलेत तर मी अजून कामाला येईन. पण माझे खरे मागणे वेगळे आहे. शेजारच्याची रेघ तुम्हाला वाकडी दिसली, तर खोडरबर उचलण्याआधी त्याला एवढेच विचारा, "तुला काय दिसलं?"