पोटाची बाजू

प्रेसचा घण खाली आला तेव्हा मुकादमाचा उजवा हात मनगटापर्यंत आत होता.

आवाज नेहमीचाच झाला. धाड. पाळीत तीन हजार वेळा होतो तसाच. पुढे कित्येक दिवस जप्याच्या डोक्यातून हेच जाईना, की आवाजात काहीच फरक नव्हता. घण आपसूक वर गेला. मुकादम खाली बसला. ओरडला नाही. हाताच्या जागी जे उरलं होतं ते त्यानं मांडीवर घेतलं, कुणाचं तरी विसरलेलं सामान घ्यावं तसं, आणि शेजारच्या डब्यांच्या झाकणांवर रक्त उडत राहिलं.

जप्याचा तळवा अजून उजव्या बटणावर होता. डाव्या बटणात पाचर होती.

त्यानं आधी पाचर उपटून खिशात घातली. मुकादमाला सावरायला तो त्यानंतर धावला.

*

त्या प्रेसला दोन बटणं. दोन्ही एकदम दाबली तरच घण पडतो, म्हणजे हात आत राहायची सोयच नाही. पण दोन्ही हात बटणांवर अडकले तर पत्रा कोण सरकवणार? म्हणून प्रत्येक जण एका बटणात लाकडाची पाचर ठोकून ते कायमचं दाबून ठेवायचा. एका हातानं पत्रा, एका हातानं घण. माल दीडपट निघायचा. हे मालकाला ठाऊक होतं, मुकादमाला तर होतंच, तपासणीचे साहेब येणार असले की तोच ओरडायचा, "दातकोरणी काढा रे." की सगळ्या पाचरी खिशात.

जप्याचं नाव जप्या पडलं ते त्याच्या ओठांमुळे. प्रत्येक घणाला तो काहीतरी पुटपुटायचा. प्रभू, दया. धाड. प्रभू, दया. धाड. बाकीचे हसायचे. मुकादम हसायचा नाही, कारण रविवारी तोही त्याच उपासनेला असायचा, पहिल्या रांगेत, डोळे घट्ट मिटून. सोमवारी मात्र हात उचलायला मागेपुढे पाहायचा नाही. थोबाडीत द्यायचा, पाना फेकून मारायचा, आणि मारून झालं की पाणी विचारायचा.

*

पोटाची बाजू.

गोदामावरच्या ज्या खोलीत उपासनेला सगळे जमायचे, तिथल्या पाळकांचा एक नियम होता. ज्याला काही मागायचं असेल त्यानं चिठ्ठी लिहायची. एका बाजूला पोटासाठी, दुसऱ्या बाजूला आत्म्यासाठी. नाव घालायचं नाही. चिठ्ठ्या पेटीत जायच्या, प्रत्येकानं एक उचलायची, आणि ती कुणाचीही असो, आठवडाभर स्वतःची असल्यासारखी प्रार्थना करायची.

त्या रविवारी जप्याच्या नडगीवर पान्याचा काळानिळा वळ होता. कामाच्या गुलाबी कार्डाचा एक तुकडा त्यानं फाडला आणि लिहिलं, मुकादमाची जागा मला मिळू दे. पाळकांनी चिठ्ठी उलटून पाहिली, मागे कोरं होतं. परत दिली. एकाच बाजूनं भाजलेलं मी देवाला वाढणार नाही, म्हणाले. मागे माणसं खोळंबलेली. काहीतरी लिहायचं म्हणून जप्यानं दारातच कागद भिंतीला टेकवून खरडलं, माझ्या मनातला राग मरू दे.

*

गुरुवारी झाकणांच्या कडा फाटून येऊ लागल्या. मुकादम आला, एक झाकण त्यानं बोटावरून फिरवलं, बोट कापलं, आणि त्याच हातानं जप्याच्या थोबाडीत दिली. चष्मा वाकडा झाला, गालावर रक्त लागलं, मुकादमाचं. मग जप्याला कोपरानं ढकलून तो साच्यात अडकलेला पत्रा काढायला वाकला.

यापुढचं जप्याला दोन तऱ्हांनी आठवायचं.

असं: कान बधिर झाला होता, ओठ आपोआप हलत होते, प्रभू, दया, आणि हात सवयीनं बटणावर गेला. बारा वर्षांची सवय. धाड.

किंवा असं: त्यानं मुकादमाची मान पाहिली. केस नुकतेच कापलेली, मेहनतीनं लाल झालेली मान. मग आत गेलेला हात पाहिला. मग बटण पाहिलं. धाड.

दोन्ही वेळा ओठांवर दयाच होती.

*

शुक्रवारी मालकानं त्याला वर बोलावलं, खुर्ची दिली, चहा दिला. टंकलेला कागद पुढे सरकवला. मुकादमाने सूचना न जुमानता यंत्रात हात घातला, बटणात कोणतीही पाचर नव्हती, हे मी स्वतः पाहिले आहे. खाली सहीची जागा.

"सोमवारपासून मुकादमाची शिट्टी तुझ्या गळ्यात," मालक म्हणाला. "तुम्ही प्रार्थना करणारी माणसं. समज, ऐकली कुणीतरी."

कागद वाचून आणतो म्हणून जप्या घरी घेऊन आला. बायकोला त्यानं शिट्टीचं सांगितलं, पाचरीचं नाही. ती तिथेच गुडघे टेकून आभार मानायला लागली. त्यानं स्टूल उचलून भिंतीवर आपटलं. एक पाय मोडून चुलीपर्यंत गेला. बायको दचकली, पण डोळे उघडले नाहीत तिनं. आमेन म्हणूनच उठली. "आता बोल," म्हणाली, "काय केलंयस?"

रात्री तो अंथरुणात पाचर मुठीत धरून पडला, आणि इतकी घट्ट, की सकाळी तळव्यात तिचा ठसा होता.

*

आत्म्याची बाजू.

शनिवारी दुपारी इस्पितळात मुकादम उशीला टेकून बसला होता. उजवा हात मनगटाशी संपत होता, वर पांढरा गोळा. वहिनी, म्हणजे मुकादमाची बायको, संत्रं सोलत होती. जप्याला पाहून तिनं स्टूल पुढे केलं, आणि मालकाकडून कुणी फिरकलं नाही, औषधं बाहेरून आणा म्हणतात, असं सांगत राहिली. मुकादमानं तिला थांबवलं. डाव्या हातानं उशीखालून एक गुलाबी तुकडा काढला.

"गुलाबी कार्डं आपल्याच खात्यात असतात, आणि खात्यातले उपासनेला आपण दोघंच," तो म्हणाला. "चिठ्ठी उचलली तेव्हाच कळलं. रोज सकाळी मागत होतो तुझ्यासाठी. दातओठ खाऊन मागत होतो. पण मागत होतो."

जप्या स्टुलावर बसला.

"पोटाची बाजू तर पावली," मुकादम म्हणाला. "दुसऱ्या बाजूचं काय?"

जप्यानं खिशातून पाचर काढून चादरीवर ठेवली. मग कागद काढला. मालकाची बाजू वाचून दाखवली, एकेक शब्द. मग कागद उलटा केला, मागे कोरं होतं, आणि गुडघ्यावर धरून लिहू लागला. पाचर होती. मी ठोकली होती. सगळेच ठोकतात, मालकाला माहीत आहे. बटण मी दाबलं. इथे तो बराच वेळ थांबला. वहिनीच्या हातातलं संत्रं तसंच राहिलं होतं. सवयीनं दाबलं की रागानं, हे माझं मला सांगता येत नाही. खाली सही केली, तारीख घातली, आणि कागद वहिनीच्या हातात दिला. हा मालकांना दाखवा, औषधांचं त्यांना नाही म्हणता येणार नाही, म्हणाला.

"शिट्टी गेली तुझी," मुकादम म्हणाला.

"हो."

"काम पण जाईल. आत पण टाकतील."

"हो, मुकादम."

मुकादमानं हात उगारला. डावा. तो हवेत वेडावाकडा फिरला, कानाच्या वरून निसटला आणि जप्याचे केस फक्त विस्कटून गेला. तोल जाऊन मुकादम कुशीवर पडला. दुखरा हात पलंगाच्या दांडीला लागला तसा त्याच्या घशातून पहिल्यांदाच कळवळल्याचा आवाज निघाला. वहिनीनं त्याला धरून पुन्हा उशीला टेकवलं. तो घामानं भिजला होता. पांढऱ्या गोळ्यावर लाल ठिपका उमटून पसरत होता.

"डाव्याला अजून अंदाज येत नाही," तो धापा टाकत म्हणाला.

जप्या उठला. वहिनीला वाटलं, निघाला. त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला, स्टूल उचलून मुकादमाच्या डाव्या हाताशी, अगदी जवळ मांडलं, आणि त्यावर ताठ बसला.